भिंतीतले साडेतीन फूट

रात्री दहानंतर आमच्या घरात जी हलवाहलव चालायची ती आधी सांगते, म्हणजे पुढचा सगळा खटाटोप कशासाठी ते कळेल. हॉलमधल्या दिवाणावर बाबा, म्हणजे माझे सासरे. त्यांच्या उशाशी खाली गादी घालून आई. गादी घालायची तर टीपॉय उचलून स्वयंपाकघरात न्यायचा. तो तिथे गेला की फ्रिजचं दार पूर्ण उघडत नाही, म्हणून लेकीचं दूध आधीच बाहेर काढून ठेवायचं. आत बेडरूममध्ये आम्ही दोघं आणि मध्ये पाच वर्षांची लेक. बाबांना रात्री दोनदा उठावं लागतं. ते वॉकर घेऊन निघाले की आई उठून गादीचं टोक दुमडायच्या आणि वॉकर परत येईपर्यंत भिंतीला टेकून बसून राहायच्या. दोन वर्षं, रोज रात्री दोनदा.

बाबा गावी, संगमेश्वर तालुक्यात, ऐन पावसाळ्यात अंगणात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनसाठी मुंबईला आणलं ते इथलेच झाले. त्यात आम्हाला दुसरं मूल हवं होतं. घर मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडच्या आतल्या गल्लीत, ३८० चौरस फूट कार्पेटचं वन बीएचके. इमारत १९८६ ची, तळमजला अधिक चार मजले, लिफ्ट नाही. आम्ही पहिल्या मजल्यावर आहोत, म्हणून बाबांना निदान खाली उतरवता तरी येतं.

मोठं घर बघायला आम्ही बाहेर पडलो नाही असं नाही. याच भागातल्या टू बीएचकेचे भाव ऐकून परत आलो. बदलापूर, विरार इथे जागा परवडत होती. पण बाबांचा फिजिओथेरपिस्ट, लेकीची शाळा, आईंचं मंगळवारचं भजनी मंडळ, माझी सकाळची ८.१२ ची लोकल, हे सगळं उचलून कुठे नेणार? सोसायटीतले जुने लोक सांगायचे, रिडेव्हलपमेंटला थांबा. मी लग्न होऊन या इमारतीत आले तेव्हाही हेच चाललं होतं. म्हातारं माणूस आणि मूल, दोघांनाही थांब म्हणता येत नाही.

शेजारच्या वन आरकेमधल्या काकूंनी गणपतीत आरतीनंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, "मी आता पुण्याला मुलाकडे जाणार. बाहेर कुणाला सांगायच्या आधी तुला विचारते." २६० चौरस फूट. त्यांचा हॉल आणि आमचा हॉल यांच्यामध्ये एकच भिंत. त्या रात्री गादी घालताना मी त्या भिंतीकडे किती वेळ बघत होते कुणास ठाऊक.

व्यवहार ५८ लाखांवर ठरला. काका जाऊन चार वर्षं झाली होती आणि शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनी म्हणून काकूंचं नाव लागलं होतं. आम्ही समजलो, झालं. वकिलांनी पहिल्या भेटीतच थांबवलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, घर वारसांचं असतं, तेव्हा मुलगा आणि मुलगी दोघांनीही आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोड पत्र करून द्यायला हवं. मुलगी नाशिकला, मुलगा पुण्याला. दोघांच्या सुट्ट्या जुळून येईपर्यंत दीड महिना गेला. पण त्यांच्यात कसलाच वाद नव्हता, ही आमची पुण्याई.

खरेदीखत एकट्या माझ्या नावावर केलं. मुंबईत मुद्रांक शुल्क सहा टक्के लागतं, घर बाईच्या नावावर असेल तर १ एप्रिल २०२१ पासून त्यात एक टक्का सवलत आहे. आमचे ५८ हजार वाचले. तरी दोन लाख नव्वद हजार शुल्क आणि तीस हजार नोंदणी फी भरावीच लागली, आणि हे पैसे कर्जात धरत नाहीत. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते. म्हणजे जवळजवळ पंधरा लाख रुपये आपले उभे करायचे. माझ्या पाटल्या गेल्या, नवऱ्यानं पीएफमधून काढले आणि बाबांनी न विचारता त्यांची एफडी मोडली. हप्ता ४० हजारांच्या वर गेला. हे लिहिते आहे कारण "शेजारचं घर घ्या ना" असं सहज म्हणणारे भेटतात. त्यांनी हा आकडा आधी कागदावर मांडावा.

आता भिंत.

पहिला कॉन्ट्रॅक्टर बघायला आला, भिंतीवर मुठीनं दोन ठोके मारले आणि म्हणाला, "ताई, शनिवारी संध्याकाळी तोडू, रविवारी प्लॅस्टर, सोमवारी कुणाला कळणारपण नाही." अख्खी भिंत काढून सलग हॉल करून देतो म्हणाला, आणि पैसेही कमी सांगितले. नवरा खरंच विरघळला होता. मीसुद्धा. नोव्हेंबर चालू होता, मला दिवस गेल्याचं नुकतंच कळलं होतं आणि जुलैच्या आत सगळं व्हायला हवं होतं.

आम्हाला थांबवलं ते वरच्या मजल्यावरच्या आजींनी. सोसायटीच्या सभेत आमचा अर्ज वाचल्यावर बाकीच्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. मेंटेनन्स दोन घरांचा भरणार का, रिडेव्हलपमेंटमध्ये एक घर धरायचं की दोन. त्यावर आम्ही लिहून दिलं की दोन्ही शेअर सर्टिफिकेटं वेगळीच राहतील आणि सर्व्हिस चार्जेस दोन घरांचे भरू. मग आजी उभ्या राहिल्या. त्या बरोबर आमच्या डोक्यावर राहतात. म्हणाल्या, "माझ्या पायाखालची भिंत काढणार तुम्ही. घाटकोपरचं आठवतंय ना?"

सगळी सभा गप्प झाली. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी साई ही चार मजली इमारत सकाळच्या वेळी बसली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या कामात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला होता. मुलुंडहून घाटकोपर पाच स्टेशनं. आमच्या इमारतीतल्या दोघा-तिघांच्या ओळखीची माणसं तिथे जवळपास राहत होती. घरी आल्यावर मी नवऱ्याला एवढंच म्हटलं, आपल्या डोक्यावर तीन मजले आहेत आणि त्यात बारा घरं आहेत. त्या कॉन्ट्रॅक्टरला दुसऱ्या दिवशी नको म्हणून कळवलं.

स्ट्रक्चरल इंजिनियर महापालिकेच्या यादीतलेच घेतले. तीस वर्षांच्या वरच्या इमारतीला महापालिका कायद्याच्या ३५३ ब कलमाखाली तपासणी सक्तीची आहे, त्यामुळे सोसायटीकडे ऑडिटचा अहवाल होता. तो त्यांनी चाळला आणि बाजूला ठेवला. "हा अख्ख्या इमारतीचा आहे. मला तुमची भिंत आणि तिच्या शेजारचे दोन खांब बघायचेत."

त्या दिवशी त्यांनी जे केलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. भिंतीच्या दोन्ही टोकांच्या खांबांवरचं हातभर प्लॅस्टर उडवून घेतलं. उघड्या काँक्रीटवर हातोड्यासारखं एक यंत्र पुन्हा पुन्हा दाबून आकडे लिहून घेतले. मग छिन्नीनं काँक्रीटचा कोपरा ताजा फोडला, धूळ फुंकली आणि एका छोट्या बाटलीतून पाण्यासारखं काहीतरी फवारलं. बघता बघता आतला भाग गर्द गुलाबी झाला, बाहेरचा साधारण इंचभराचा पट्टा मात्र राखाडीच राहिला. लेक माझ्या कुशीतून ओरडली, "आई, भिंत लाजली!" इंजिनियरांनी तिला जवळ बोलावून समजावलं. हे फिनॉल्फ्थॅलिन. काँक्रीट निरोगी असेल तिथे गुलाबी होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं ते आतून बदललं असेल तिथे रंग येत नाही. रंग न येणारा पट्टा सळईपर्यंत पोचला की सळई गंजायला मोकळी. आमच्या बाजूचा खांब अजून बचावला होता. काकूंच्या बाथरूमजवळच्या खांबात मात्र गुलाबी रंग सळईच्या मागे सुरू होत होता, आणि सळईवर गंजाचे पापुद्रे होते. वर्षानुवर्षांचं बाथरूमचं पाणी.

त्यांचा निर्णय दोन वाक्यांत होता. आधी तो खांब दुरुस्त करायचा. आणि भिंत काढायची नाही, भिंतीत साडेतीन फुटांचं दार करायचं, दोन्ही खांबांपासून लांब, मधोमध.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मी मनात तो सलग हॉल मांडून ठेवला होता, खेळणी कुठे, पाळणा कुठे. त्यांनी शांतपणे समजावलं. इमारत खांब आणि तुळयांवर उभी आहे, भिंत फक्त भरलेली आहे, हे कागदावर खरं. पण चाळीस वर्षांत वरची तुळई थोडी वाकून भिंतीवर टेकलेली असते. भिंत एकदम काढली की तुळई आणखी वाकणार आणि वरच्यांच्या भिंतींना तडे जाणार. भूकंपात इमारत हलते तेव्हा ही नऊ इंची भिंत तिला धरूनही ठेवते. "तुम्हाला इकडून तिकडे जायचंय ना? वॉकर जाईल एवढी वाट करून देतो." वॉकरचं मी बोलले नव्हते. हॉलमधून जाताना त्यांनी तो पाहिला होता.

महापालिकेच्या कामासाठी आर्किटेक्ट नेमला. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याचं ३४२ कलम आहे. इमारतीत असा बदल करायचा तर आधी कळवून परवानगी घ्यावी लागते. न घेता केलं तर काम थांबवण्याची आणि पाडण्याची नोटीस येऊ शकते. सोसायटीचं ना-हरकत, दोन्ही घरांची खतं, इंजिनियरांचं हमीपत्र हे सगळं जमलं. अडलं ते इमारतीच्या मूळ मंजूर नकाशावर. सोसायटीकडे त्याची प्रतच नव्हती. माहितीच्या अधिकारात अर्ज करून ती मिळवली, त्यात महिना गेला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात परवानगी हातात आली. आर्किटेक्टनं आधीच सांगितलं होतं की मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. दोन्ही घरं वेगवेगळी असताना माफीत बसत होती. एकत्र धरल्यावर ६४० होतात, माफी जाणार. आम्ही ते मान्य करूनच पुढे गेलो.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. सोसायटीची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, दुपारी दोन ते चार आवाज बंद, रविवारी सुट्टी. धुळीच्या दिवसांत मी आणि लेक माहेरी कळव्याला, आई-बाबा नणंदेकडे.

दार करतात कसं, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं, आधी भोक पाडतात आणि मग चौकट बसवतात. तसं नाही. आधी वरचा आधार बसवतात, मग खालचं काढतात. आमच्या बाजूनं, दाराच्या माथ्यावर, भिंतीच्या निम्म्या जाडीत आडवी खाच काढली आणि तीत लोखंडी सी-चॅनल, म्हणजे इंग्रजी सी अक्षरासारखा लोखंडी आधार, सरकवला, दोन्ही टोकांना नऊ-नऊ इंच भिंतीवर टेकेल असा. वरची फट आकसणार नाही अशा ग्राउटनं, म्हणजे सिमेंटच्या मसाल्यानं, ठासून भरली. दोन दिवस हात लावला नाही. मग काकूंच्या बाजूनं तसाच दुसरा चॅनल, आणि दोन्ही आरपार बोल्टांनी आवळले. खाचा सोडल्या तर या सगळ्यात दाराच्या जागेची एक वीटही निघाली नव्हती. त्यानंतर गवंड्यानं वरून खाली, छिन्नी-हातोड्यानं एकेक वीट काढली. ब्रेकर, म्हणजे फोडायचं विजेचं यंत्र, लावायला इंजिनियरांची सक्त मनाई होती.

आणि आजींच्या घरातली काच. भिंतीच्या बरोबर वर, त्यांच्या देवघराच्या बाजूला एक जुनी केसासारखी चीर होती. इंजिनियरांनी तिच्यावर बोटभर रुंद काचेची पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लॅस्टरनं चिकटवली आणि तारीख लिहिली. चीर जराही हलली तर काच तडकते. आजी रोज सकाळी देवापुढे दिवा लावला की चष्मा लावून ती काच बघायच्या आणि मला कळव्याला फोन करायच्या. "आहे गं, शाबूत आहे." विटा निघाल्या त्या दिवशी त्यांनी चार वेळा फोन केला. मी चारही वेळा उचलला.

सगळं असं शिस्तीत झालं नाही. मधल्या एका आठवड्यात इंजिनियर येऊ शकले नाहीत. कॉन्ट्रॅक्टरच्या वायरमननं पंख्याची वायर लपवायला तुळईच्या पोटात कटरनं आडवी खाच मारली. मी सहज बघायला आले तर आतल्या सळयांभोवतीच्या रिंगा उघड्या दिसत होत्या. तिथल्या तिथे काम बंद केलं. इंजिनियरांनी टेकू लावायला सांगितले, खाच साफ करून पॉलिमर मॉर्टरनं भरली, वायर भिंतीवरून पट्टीत फिरवली. बारा दिवस गेले आणि भुर्दंड कॉन्ट्रॅक्टरशी भांडून निम्मा-निम्मा झाला. मला त्या मुलाचा राग आला नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की इथे खाच मारायची नसते. राग आला तो त्याला एकटं सोडणाऱ्याचा. त्यानंतर मी प्रत्येक तुळई आणि खांबावर लाल खडूनं फुल्या मारून ठेवल्या.

काकूंच्या बाजूला बाबांसाठी बाथरूम नवं करायचं होतं. ते जागेवरच ठेवलं, कारण खालच्यांच्या हॉलवर बाथरूम आणायचं नसतं. कमोड, धरायला दांड्या, घसरणार नाही अशी लादी. वॉटरप्रूफिंगनंतर चार इंच पाणी भरून ४८ तास ठेवलं आणि तळमजल्यावरच्या काकांना छतावर लक्ष ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर येऊन आवाज न चढवता सांगितलं, "कोपऱ्यात ओल आलीये." सांडपाण्याच्या जाळीखालच्या ट्रॅपचा सांधा गळत होता. पुन्हा फोडलं, पुन्हा केलं, पुन्हा पाणी भरलं. दुसऱ्या वेळी ते स्वतःच छताला हात लावून सांगायला आले, कोरडं आहे.

उरलेलं थोडक्यात. वीज महावितरणची, दोन्ही मीटर वेगळे ठेवले आणि एका घराची न्यूट्रल वायर दुसऱ्यात मिसळू दिली नाही. काकूंचं पाइप गॅसचं कनेक्शन कंपनीला परत केलं. त्या पाइपला आपल्या प्लंबरनं हात लावायचा नसतो. पाणीपट्टी नळांवर असते म्हणून नको असलेले दोन नळ बंद केले. डेब्रिजच्या, म्हणजे राडारोड्याच्या, १४० गोण्या निघाल्या, त्या महापालिकेच्या डेब्रिज ऑन कॉल सेवेकडे नोंदवून नेल्या. इंजिनियर आणि आर्किटेक्टची फी सोडून कामाला सात लाख चाळीस हजार लागले.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच लक्षात आली नव्हती. दार उघडल्यावर दिसलं की दोन्ही घरांच्या लाद्या एका पातळीत नाहीत. काकूंची बाजू सव्वा इंच उंच. सव्वा इंच म्हणजे आपल्याला काही नाही, पण वॉकरचा पाय तिथेच अडकतो. गवंडी म्हणाला, उंबरा टाकू. आईंनाही उंबरा हवाच होता, दाराला उंबरा नाही असं कसं? शेवटी पंधरा इंच लांबीचा हलका उतार केला आणि उतार संपतो तिथे काळ्या कडाप्प्याची चार बोटांची पट्टी लादीच्या पातळीत बसवली. बाबांनी पहिल्यांदा वॉकर घेऊन उतार चढताना आम्ही सगळे आजूबाजूला उभे होतो. चढून झाल्यावर ते थांबले, वळले, आणि कुणी काही म्हणायच्या आत पुन्हा खाली येऊन पुन्हा चढले. आईंनी त्या पट्टीवर हळदकुंकू वाहिलं.

आता पलीकडच्या खोलीत आई-बाबा झोपतात. आईंचा पलंग दाराकडे डोकं करून, कारण त्यांना बाळाचा आवाज ऐकू यायला हवा असतो. मुलगा जुलैत झाला. दारात अजून दार बसवलेलं नाही, नुसता पडदा आहे. बसवायची घाई कुणालाच दिसत नाही.

बारशाला पुण्याहून काकू आल्या होत्या, वरून आजी आल्या होत्या. आजी पाळण्याशी येण्याआधी दारापाशी थांबल्या, मान वर करून माथ्याकडे बघितलं, हातानं चौकटीची कड चाचपली. त्यांच्या घरातली काच अजून तशीच आहे. काम संपल्यावर इंजिनियर ती काढायला गेले होते, तर म्हणाल्या, "राहू दे. हा पावसाळा जाऊ दे, मग बघू."